चुंबकाला चिकटणारी तार

"घरी न्या, आणि त्यांना आवडेल ते खायला घाला," असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर पहिलं वाक्य कुणालाही सांगतात. दुसरं जोडून सांगितलं की नातेवाइकांना फोन करायला घ्यायचे, एवढं विट्यात सगळ्यांना कळतं. हंबीररावांनाही कळलं. पण त्यांच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. बायकोला, राहीबाईंना, काय आवडतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यात सगळा दोष त्यांचा नव्हता. अंगाची हळद निघते न निघते तोच ते कोइमतूरला गेले होते. तिथे त्यांचं गलाईचं दुकान. लोकांचं सोनं आटवायचं, त्यातली भेसळ जाळून काढायची आणि शुद्ध लगड परत द्यायची. गावी यायचं ते वर्षातून एकदा, यात्रेला. म्हणजे पाहुण्यासारखं यायचं, मटण खायचं आणि जायचं. आता दुकान मुलगा ऋषिराज बघत होता, आणि हंबीरराव कायमचे घरी आले होते. ते आले आणि काही महिन्यांत राहीबाईंच्या किडन्यांनी काम सोडलं. जावा-नणंदांनी या दोन गोष्टींचा संबंध लावून पाहिला. राहीबाईंनी तो नाकारला नाही.

औषधांनी राहीबाईंचे कान बसले होते. त्यामुळे हंबीरराव खाटेशी वाकून, शेजाऱ्यांनाही कळेल अशा आवाजात एकेक पदार्थ विचारू लागले. श्रीखंड झालं, पुरणपोळी झाली, कोंबडीही झाली. राहीबाई मान हलवत राहिल्या.

"मग कशाची तरी इच्छा आसंल की," हंबीरराव घायकुतीला आले.

राहीबाईंनी थोडा विचार केला. "मला बघाय आला हुता, तवा मदल्या मानसानं काय सांगितलं हुतं?"

"काय?"

"पोरगा वाजवतो म्हनून. आमच्या आण्णांनी त्याच्यावरच व्हय म्हटलं. मी आजपातुर ऐकलं न्हाई."

दाराशी उभी असलेली सून संयोगिता पदर तोंडाला लावून आत गेली.  हंबीररावांना मात्र तो मदला माणूस आठवला. मुलगा दहावी नापास, ऊस चुलत्यांच्या नावावर. अशा स्थळाच्या बाजूने काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून त्याने चहाचा घोट घेता घेता ते वाक्य टाकून दिलं होतं. हंबीररावांनी जन्मात शाळेच्या झांजा तेवढ्या हातात धरल्या होत्या, त्याही प्रभातफेरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते सांगलीला गेले. वीरधवल नावाच्या, केसांची शेंडी बांधलेल्या एका तरुणाचं वाद्यांचं दुकान होतं. त्याच्यापुढे त्यांनी डावा हात धरला. त्याची शेवटची दोन बोटं सोनं धुवायच्या तेजाबाने भाजून, आखडून आत वळली होती.

"ह्या हातानं वाजंल आसं काय हाय का बघा. आन् ऐकनारीला ऐकू येत न्हाई."

वीरधवलला आधी ही चेष्टा वाटली. मग त्याने चेहरा पाहिला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. गिटारीची मान त्या हातात मावेना. मग त्याने युकुलेले काढून दिलं. चार तारांचं, लहान बाळाएवढं. एक पोकळ पोटाचं होतं, नायलॉनच्या तारांचं. त्यातला आवाज उचलून हेडफोनात पोचवायची सोय असलेलं चांगल्या घराण्यातलं निघालं, आणि त्याची किंमत ऐकून हंबीररावांनी ते जिथल्या तिथे ठेवलं. दुसरं भरीव फळीचं, पोळपाटाएवढं जाड, विजेचं. तारा पोलादाच्या, तारांखाली एक काळी पट्टी, आणि बाजूला हेडफोन खुपसायला भोक. हे परवडणारं होतं.

माल पारखण्यात हंबीररावांचा हात धरणारा विट्यात दुसरा नव्हता. त्यांनी ते डोळ्यापुढे आडवं धरून मान सरळ आहे का पाहिलं. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला लागतात का ते चाचपलं. खुंट्या पिळून सुटतात का पाहिल्या. आणि शेवटी, सवयीने, सदऱ्याच्या खिशातून लोहचुंबक काढून तारेला लावला. धंद्यातली ती पहिली पायरी. चिकटलं ते खोटं, पुढं बघायचंच नाही.

तार टक्कन चिकटली.

"लोखांड हाय की हे."

"स्टील, काका. याला स्टीलच लागतं. दुसरं चालत नाही."

हंबीरराव मनातल्या मनात हसले. जो माल दुकानात आहे तोच गिऱ्हाइकाला लागतो, हे त्यांनी स्वतः कोइमतुरात हजारदा सांगितलं होतं. पोरगा हुशार होता, धंद्यात वर येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी हेडफोन लावून एक तार छेडून पाहिली. कानात घंटा वाजल्यासारखा आवाज झाला. त्यांनी घासाघीस करून पिशवीही फुकट मिळवली.

घरी आल्यावर त्या वाद्याला 'उकुली' असं नाव पडलं आणि तिची डागडुजी सुरू झाली. तारा फार वर होत्या, दाबताना जीव जाई. त्यांनी मागचे स्क्रू पिळून त्या खाली घेतल्या, तर त्या पट्ट्यांवर घासून माशीसारख्या गुणगुणू लागल्या. मग वरच्या टोकाच्या खाचा कानशीने नीट कराव्या म्हणून घेतल्या, त्या जास्त खोल गेल्या. खोल गेलेल्या खाचांत काहीतरी भरणं आलं. राहीबाईंच्या गोळ्यांची रिकामी चांदीकागदाची पाकिटं घरात टोपलीभर होती. त्या कागदाच्या घड्या घालून त्यांनी खाचा भरल्या. सूर लावायला संयोगितेने मोबाइलवर काट्याची सोय करून दिली. तार बरोबर लागली की काटा मधोमध येऊन हिरवा होई. एवढं एक त्यांना ताबडतोब जमलं. काट्यावर नजर ठेवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पण दोन गोष्टी त्यांना खुपत होत्या. एक, तेजाबाने पातळ झालेल्या बोटांना पोलाद चावे आणि रक्त येई. दुसरी तारांचीच. उभ्या जन्मात दुसऱ्यांचं सोनं हातून गेलं, बायकोच्या अंगावर डोरल्याशिवाय चढलं नाही, आणि आता शेवटी तिला वाजवून दाखवायचं तेही लोखंड?

दवाखान्यातून आणलेल्या सामानात प्लॅस्टिकची एक पिशवी होती. राहीबाईंचे पाय सुजले तेव्हा लग्नातले चांदीचे तोडे कापून काढावे लागले होते, त्याचे ते तुकडे. हंबीररावांनी परसात शेगडी पेटवली, तुकडे आटवले, त्यातला कळकटपणा जाळून टाकला, ताकदीपुरतं तांबं घातलं आणि भोकांच्या पट्टीतून ओढत ओढत चार तारा काढल्या. एकापेक्षा एक बारीक. उकुलीवर चढवल्यावर त्या अशा झळकल्या की संयोगितासुद्धा हातातलं काम टाकून बघायला आली. हंबीररावांनी चुंबक लावून पाहिला. चिकटला नाही. त्यांना समाधान वाटलं. काढलेल्या लोखंडी तारा त्यांनी सुनेला देऊन टाकल्या. तिने एकीवर तोंडल्याचा वेल चढवला आणि बाकीच्यांनी गवारीच्या काठ्या बांधल्या.

मग रोज दुपारी जेवणं झाली की ते खाटेशी स्टूल ओढून बसत. हेडफोन राहीबाईंच्या कानांवर चढवत. चाल राहीबाईंनीच गुणगुणून दिली होती, जात्यावरची. हंबीरराव ती बोटाबोटाने शोधत जात. तारांचा आवाज त्यांना स्वतःला कीटक भिंतीवरून चालल्याइतका येई, पण हेडफोनात तो घंटेसारखा होतो हे त्यांनी दुकानात अनुभवलंच होतं. राहीबाई डोळे मिटून पडत. त्यांचं एक बोट वाकळेवर हळूहळू हलत राही. दोन-तीन दिवस जेवण न गेलेली बाई त्यानंतर वाटीभर पेज पिई.

शेवटचं भेटायला आलेली माणसं हे बघून गार पडत. आलेल्या प्रत्येकाला वाटे की ते आपणही एकदा ऐकावं. पण राहीबाई हेडफोन सोडत नव्हत्या. त्यांची पलूसची बहीण हात पुढे करून मागू लागली, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तो कानांवर घट्ट धरला.

"माझं हाय ते," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर घ्या सगळी मिळून."

बहिणीने बाहेर येऊन डोळे पुसले आणि नवऱ्याला, तुम्ही मला कधी काय वाजवून दाखवलंत, असं विचारलं. पाहुणा चहा न घेताच निघाला. हंबीररावांचं नाव गल्लीत झालं. त्यांनी एक नवा सदरा इस्त्रीला टाकला.

भानगड दादासोने केली. दादासो म्हणजे त्यांचा जुना जोडीदार, सेलमला गलाई करून परत आलेला. दुसऱ्याचा कस घेतल्याशिवाय त्याला चहा उतरत नसे. तो आला तेव्हा संयोगिता सासूला अंग पुसायला आत घेऊन गेली होती आणि हेडफोन उशीवर पडला होता. दादासोने तो उचलून डोक्यावर चढवला.

"वाजीव गड्या. बगू तरी वैनी कशावर भुलल्यात."

हंबीररावांनी मान तिरकी करून अख्खी चाल वाजवली. दादासो छताकडे बघत राहिला. मग त्याने हेडफोन काढून आत फुंकर मारली, परत लावला.

"चालू कर की."

"चालूच हाय."

"मग मला काय ऐकू येत न्हाई, हंबीरा. निस्ती वीज गुनगुनतीया."

हंबीररावांनी आधी दादासोच्या कानांवर संशय घेतला. मग सेल बदलले, वायर बदलली, भोकात तेलाचा थेंब सोडला. शेवटी स्वतः हेडफोन लावला आणि तारेवर बोट मारलं. काही नाही. दुसरी. तिसरी. चौथी. काही नाही. त्यांनी दादासोदेखत, स्पीकरवर, सांगलीला फोन लावून वीरधवलला असला माल विकल्याबद्दल दहा गोष्टी सुनावल्या. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि तारा बदलल्यात का, एवढंच विचारलं.

"बदलल्यात. चांगल्या घातल्यात."

"चुंबकाला चिकटतात का, काका?"

"कशाला चिकटतील?" हंबीरराव ताठ झाले. "चांदी हाय. मी सोता काढलीया."

पोराने दुकानातल्या कुणालातरी थांब म्हटलं. "मग नाही वाजणार. खालची काळी पट्टी चुंबकाचीच आहे. जे चुंबकाला चिकटतं तेवढंच तिला ऐकू येतं. मी बोललो होतो तुम्हाला."

दादासोला खोकल्याची उबळ आली. ती आवरेना म्हणून तो अंगणात गेला, आणि तिथून गल्लीत गेला. म्हणजे गल्लीला कळायला फार वेळ लागणार नव्हता.

हंबीरराव खिशातला चुंबक तळहातावर घेऊन बसून राहिले. उभी हयात या एका तुकड्यावर काढली. चिकटलं ते भट्टीबाहेर. आणि ज्या एका ठिकाणी चिकटायला हवं होतं, तिथं त्यांनी बायकोचे तोडे आटवून न चिकटणारी तार ओढली होती. पण त्याहून वाईट विचार त्यांच्या मनात उशिरा आला. एवढे दिवस ती ऐकत काय होती?

संयोगितेने सासूला आणून खाटेवर निजवलं. हंबीरराव राहीबाईंच्या कानाशी वाकले. आज मात्र त्यांना मोठ्याने बोलवेना, त्यामुळे दोनदा विचारावं लागलं.

"तुला ह्यातनं कायच ऐकू येत न्हवतं?"

"न्हवतं."

"मग बोलली का न्हाईस?"

राहीबाईंनी वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली. "बोलले आसते तर तुमी उठून सांगलीला गेला आसता. तितनं आनी कुटं. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा दुपारचं बसलाय माझ्यापाशी."

संयोगिता पेज ठेवते म्हणून आत गेली.

हंबीरराव उठले. परसात जाऊन त्यांनी तोंडल्याचा वेल सोडवला, गवारीच्या काठ्या सोडवल्या, गंजलेल्या तारा राखेने घासल्या. खुंट्यांना पिळून चढवल्या. मोबाइलचा काटा चारही वेळा हिरवा करून घेतला. बायकोने सोसलं ते सोसलं. पण मदल्या माणसाने टाकलेला शब्द आता खरा करून दाखवायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी हेडफोन तिच्या कानांवर चढवला, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि पहिल्यांदाच, खरोखर, बायकोला वाजवून दाखवलं.

बोटांतून रक्त आलं तरी ते थांबले नाहीत. चाल मध्ये दोनदा रस्ता चुकली आणि भलत्याच गावाला जाऊन परत आली. वाकलेल्या तारा पट्ट्यांवर करवतीसारख्या घासल्या. राहीबाई या वेळी डोळे मिटून पडल्या नाहीत. डोळे चांगले उघडे ठेवून त्या छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या. वाकळेवरचं बोट हललं नाही. चाल संपल्यावर त्यांनी आपण होऊन, दोन्ही हातांनी हेडफोन काढला.

"झालं?"

"झालं," हंबीरराव म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला. "कसं हाय?"

राहीबाईंनी त्यांच्याकडे, मग उकुलीकडे, मग परत त्यांच्याकडे पाहिलं.

"मदला मानूस खोटंच बोलला हुता म्हना की."

 हंबीररावांनी उकुली मांडीवर पालथी घातली आणि बोटाला फुंकर मारली.

"आवं," राहीबाई म्हणाल्या, "ती चांदीचीच लावा. आन् बसा."

हंबीररावांनी खुंट्या सैल करायला घेतल्या. राहीबाईंनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला, डोळे मिटले, आणि बोट वाकळेवर तयार ठेवलं.