मानेतले पहारेकरी

खुर्चीत बसून शिकवणं म्हणजे गादीवर पोहणं! मी उभ्यानेच शिकवणार, हे मी सूनबाईला ठणकावून सांगितलं.

"बाबा, दोनदा चक्कर आली, दोन्ही वेळा वर्गातच," ती म्हणाली. "एरवी घरभर फिरता, तेव्हा काही होत नाही. ही पोरं तुमचं रक्त आटवतात! तिसऱ्यांदा आली की वर्ग बंद."

वर्ग बंद? शाळेतून निवृत्त झालो तरी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आळीतली पोरं जमतात, म्हणून तर माझा दिवस उजाडतो! मी म्हटलं, "आज तूही वर्गात बस. माझं शरीर किती तल्लख आहे ते दाखवतोच!"

प्रयोग थाटात व्हायला हवा, म्हणून शाळेतला ठेवणीतला कडक शर्ट चढवला. वर्ग म्हटला की मी तोच घालतो. गळ्याचं बटण श्वास रोखून लावलं. शिस्त म्हणजे शिस्त!

मी सतरंजीवर आडवा झालो. सूनबाई दाराशी, हाताची घडी घालून.

"मुलांनो, माणूस उठला की रक्त पायांकडे धावतं. डोक्याकडचा दाब घटतो. पण मानेतल्या रक्तवाहिन्यांत पहारेकरी बसलेत. वाहिनी किती ताणली, ते मेंदूला कळवतात. ताण कमी झाला की मेंदू हृदयाला दटावतो, 'पळ!' आणि वाहिन्यांना म्हणतो, 'आवळा!'"

"आणि ताण जास्त झाला तर?" शंकासुराने विचारलं. या मुलीचं हे नाव मीच ठेवलंय.

"तर म्हणतो, 'सावकाश, बाबा!' आता बघा!"

ताडकन उठलो. उभा! ठणठणीत! विजयी मुद्रेने सूनबाईकडे मान वळवली आणि...

डोळे उघडले तेव्हा छत दिसत होतं. पोरांनी माझे पाय उशांवर चढवले होते.

"झालं! वर्ग बंद!" सूनबाईचा आवाज रडवेला झाला होता.

"काकू, थांबा!" शंकासुराने माझ्या गळ्याचं बटण काढलं. "कॉलर बघा, फासच हा! मान वळताच हिने पहारेकऱ्यांना दाबलं. त्यांना वाटलं, रक्ताचाच दाब वाढला. मेंदू हृदयाला म्हणाला, 'सावकाश!' आणि आजोबा गेले खाली! हा शर्ट ते वर्गातच घालतात ना?"

सूनबाईने मान डोलावली. मी जमिनीवरूनच गरजलो, "बघ! मुलं माझ्याकडून काय शिकलीत! आणि म्हणे वर्ग बंद!"

डॉक्टरांनी मान तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि मुलीचं म्हणणं उचलून धरलं. सूनबाईने त्या शर्टाची पायपुसणी केली.

वर्ग चालू आहे. उभ्यानेच! फक्त कुणी नवा विद्यार्थी आला की पोरं माझी ओळख करून देतात, "हे आमचे आजोबा. गळ्याचं बटण लावलं की बंद पडतात!"