चोखणी स्थिरीकरण मोहीम

कुठल्याही घराची सत्ता कोणाच्या हाती आहे हे ओळखायचं असेल, तर त्या घरातली माणसं कोणामुळे कुजबुजत बोलतात ते पाहावं. नळदुरुस्तीवाल्याच्या घरची सत्ता पाळण्यात होती. तिचं नाव ठमी. दात नव्हते, पण धाक होता.

ठमी झोपायची ती तोंडात रबरी चोखणी घेऊन. झोप लागली की तोंड सैल पडे, तोंड सैल पडलं की चोखणी पडे आणि चोखणी पडली की ठमी जागी होऊन भोकाड पसरे. (या व्यवस्थेत झोपेला फारशी जागा नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल.) एरवी हेही खपून गेलं असतं. पण ठमीची आई नर्स, तिची रात्रपाळी चालू. दुपारी डोळ्याला डोळा न लागल्यामुळे काल तिने इंजेक्शनसाठी पेशंटऐवजी त्याच्या चुलत्याचा दंड पुसायला घेतला. चुलता संकोचाने गप्प बसला. मेट्रन बसल्या नाहीत. "पुन्हा असं झालं तर घरीच बसा," म्हणाल्या.

"आज तू निवांत झोप. ठमीचं मी बघतो," नळदुरुस्तीवाल्याने बायकोला शब्द दिला.

त्याने पाळण्यात वाकून रीतसर पाहणी केली. निदान झालं: ही गळती आहे. त्याचा जीव भांड्यात पडला, कारण गळतीतलं त्याला कळत होतं.

चोखणी दोरीने बांधून ठेवण्याचा पहिला प्रस्ताव मंजुरीसाठी त्याच्या आईपुढे गेला.

"पोरीच्या गळ्याशी दोरी? अक्कल गहाण टाकलीस का रे?" आई म्हणाली. प्रस्ताव एकमताने फेटाळण्यात आला.

मग पाळण्यात चोखण्यांची सढळ पेरणी झाली. एक पडली तर दुसरी हाताला लागावी, असा हेतू. ठमीने सगळ्या बाहेर भिरकावल्या. (नेम बराच सुधारला, हा या योजनेचा अनपेक्षित लाभ.) मग आजीने स्वतः पारंपरिक थोपटण्याचा उपाय हाती घेतला. तो शंभर टक्के यशस्वी ठरला. थोपटता थोपटता आजी गाढ झोपली.

शेवटी नळदुरुस्तीवाल्याने काळजावर दगड ठेवला. ज्याने जन्मभर लोकांचे नळ गळायचे थांबवले, त्याने स्वतःच्या मोरीतल्या नळाचा धडधाकट वॉशर काढून झिजलेला बसवला. टप, टप, टप. ठमीने कान टवकारले. पापण्या जड झाल्या. चोखणी पडली, आणि ठमी उठली नाही! त्याने पडलेली चोखणी उचलून छातीशी धरली. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

टप, टप पलीकडच्या खोलीतही पोचत होतं. बायको ताडकन उठून आली. डोळे मिटलेलेच.

"सलाईन कोणी बघतंय का?" ती खणखणीत आवाजात म्हणाली आणि तिने नवऱ्याचं मनगट पकडलं. "काका, हात हलवायचा नाही हं!"

"अगं, मी आहे... हळू..."

"बोलायचं नाही!"

पाळण्यात चुळबुळ सुरू झाली. विचार करायला वेळ नव्हता. जो ओरडेल त्याच्या तोंडात चोखणी, हा त्या घराचा रिवाजच होता. हातातली चोखणी त्याने सरळ बायकोच्या तोंडात दिली.

ती गप्प झाली. दोनदा चोखलं. मग हळूच खाली बसली आणि सतरंजीवर लवंडली. दिवेलागणीपर्यंत दोघी मायलेकी हलल्या नाहीत. चोखणीही पडली नाही, कारण मोठ्या माणसाची पकड घट्ट असते. त्या रात्री तिने टोचायचं त्यालाच टोचलं आणि मेट्रननी कारण नसताना तिची आपुलकीने विचारपूस केली.

बत्तीस दातांच्या बाईला चोखणी, म्हणून आपण हसला असाल. जरूर हसा. पण अंथरुणाला पाठ टेकल्यावर पुस्तकाची दोन पानं चाळल्याशिवाय आपला डोळा लागत नाही, लागला की पुस्तक नाकावर आपटतं, आणि घरातलं कोणी ते अलगद काढून घेऊ लागलं, की डोळेही न उघडता आपणच ओरडता, "राहू दे, वाचतोय मी!"