सावंत सिस्टरांची ओव्हर

गेली अकरा वर्षं मी बेड नंबर चौदा आहे. आजारी वगैरे नाही, चांगला ठणठणीत निवृत्त मास्तर आहे. पण लालबागच्या आमच्या चाळीत मी चौदा नंबरच्या खोलीत राहतो आणि शेजारी, पंधरात, सावंत सिस्टर राहतात. त्यांच्या लेखी अख्खी चाळ म्हणजे एक वॉर्ड. माझी बायको म्हणजे ‘चौदाचे नातेवाईक’.

सिस्टर परळच्या एका मोठ्या इस्पितळात आहेत. तिथे ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटची हकीकत सांगायची आणि मगच वॉर्ड सोडायचा. याला ओव्हर देणं म्हणतात. सिस्टरांच्या हे इतकं अंगात भिनलंय की ओव्हर दिल्याशिवाय त्या कुठूनच हलत नाहीत. एकदा गणपतीच्या रांगेत त्यांना पाणी प्यायला जायचं होतं. मागच्या अनोळखी बाईंना म्हणाल्या, “पुढचे आजोबा दमलेत, लक्ष ठेवा. तुमच्या मागे हिरवी साडी, चिडचिड आहे, बाकी स्टेबल.” हिरव्या साडीने ते ऐकलं. पुढचं मी सांगत नाही.

रोज सकाळी साडेसहाला त्या आमच्या दारात उभ्या राहायच्या, कारण घरातही पेशंट होता. त्यांच्या आईच्या अंगावरून वारं गेलेलं, म्हातारी अंथरुणाला खिळलेली. घरात तिसरं माणूस नाही.

“मास्तर, ओव्हर घ्या. बेड पंधरा. दहाला पेज, बाराला कूस बदला. शिव्या देईल, नॉर्मल आहे.”

आणि म्हातारी द्यायचीच. पहिला चमचा तोंडात गेला की, “मेल्या मास्तरा, परत खारट केलंस!”

सिस्टरांची ड्युटी दोनला सुटायची, म्हणजे कागदावर. वॉर्डात साठ पेशंट, त्यातले काही जमिनीवर गाद्या टाकून, आणि बघायला सिस्टर एक. दोनला येणारीला मध्येच दुसऱ्या वॉर्डात पळवलेलं असायचं. मग या कधी चारला यायच्या, कधी सातला, पाय सुजलेले. मी चिडायचो, “सरळ निघून यायचं हो!”

“ओव्हर कोणाला देऊ? भिंतीला?”

यंदा उन्हाळ्यात एके दुपारी म्हातारीला धाप लागली. खालच्या डॉक्टरांना वर बोलावलं. त्यांनी तपासलं आणि मान हलवली. मी सिस्टरांना फोन लावला.

“रिलीव्हर आली नाहीये मास्तर,” त्या म्हणाल्या. “ऑक्सिजनवर तिघं आहेत. वॉर्डात मी एकटीच. कोणी आलं की निघतेच. तोवर तिचा हात धरून बसा.”

मी बसलो. सिस्टर आल्या साडेचारला. म्हातारी सव्वातीनला गेली होती. मला तेव्हा राग आला, आजही येतो. सिस्टरांचा नाही. त्यांच्या जोडीच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवून निवांत बसलेल्यांचा.

त्या रडल्या नाहीत. आईच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, ओव्हर द्या.”

अकरा वर्षं मी नुसती घेतच आलो होतो. द्यायची वेळ पहिल्यांदाच आली. “दोनला पाणी मागितलं,” मी म्हणालो. “दोन चमचे घेतलं. हात सोडला नाही. त्रास फार झाला नाही.”

“काही बोलली?”

“पेज खारट होती म्हणाली.”

सिस्टर हसल्या. हसता हसता मग रडल्या. बायकोने त्यांना जवळ घेतलं आणि मी उगाच गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

चौदाव्या दिवशी त्या ड्युटीवर निघाल्या. साडेसहाला दारात हजर. मी सवयीने म्हणालो, “द्या ओव्हर,” आणि जीभ चावली.

“दूध तापवून ठेवलंय. खिडकी लावलीय,” त्या म्हणाल्या. मग पर्सचा पट्टा उगाचच नीट करत राहिल्या. “बेड पंधराला आता मीच आहे मास्तर. पेशंट एकटा आहे. जरा लक्ष ठेवा.”

“घेतली ओव्हर,” मी म्हणालो.

त्या दिवशी सिस्टर सहाला आल्या. मी पेज गरम ठेवली होती. मीठ बेतानंच घातलं होतं.