गुरुवारी डावा पाय

इब्रामपूरचा येसो आपल्या घोडीला आठवड्यातून एकदा आंघोळ घालतो. फक्त ती आंघोळ सोमवारी सुरू होते आणि रविवारी संपते.

यात माझी काही अतिशयोक्ती नाही. माझा या माणसावर राग आहे आणि तो मी लपवणार नाही; पण रागावलेला माणूसही खरं बोलू शकतो. दिवाळी झाली की इब्रामपुराकडे धुकं उतरतं. सकाळी दहापर्यंत माडाच्या झावळ्यांतून दव टपकत असतं. तेव्हापासून शिमग्यापर्यंत येसोच्या घोडीचं अंग एकदम ओलं होत नाही. सोमवारी उजवा हात. मंगळवारी डावा हात. बुधवारी उजवा पाय, गुरुवारी डावा पाय, शुक्रवारी पोट, शनिवारी पाठ आणि रविवारी केस. केस म्हणजे आयाळ आणि शेपूट. पुढच्या पायांना तो हात म्हणतो. "घोड्याला हात कुठले रे?" असं मी एकदा विचारलं, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू चूक घोडीच्या नव्हे, माझ्या अवयवांत आहे.

याचा परिणाम असा की थंडीत ही घोडी कधीच पूर्ण स्वच्छ नसते. पाठ उजळेपर्यंत हात मळलेले असतात, केस झाले की पोटाची वेळ येते. जाई तिचं नाव. अंगाने पांढरीशुभ्र, निदान तुकड्या-तुकड्यांनी.

आंघोळीचा थाट बघण्यासारखा. अंगणात तीन दगडांची चूल, वर तांब्याचं भाण, खाली जळणाला नारळाची सोडणं. पाणी तापलं की येसो त्यात कोपर बुडवून बघतो, बाळंतिणीच्या घरी बघतात तसं. मग तुवालो भिजवून पिळतो आणि आधी स्वतःच्या गालाला लावतो. घोडीवर जाड कांबळं. त्यातून फक्त त्या दिवसाचा अवयव बाहेर. "हात दी. दी गो. झाला, झाला." पुसून झालं की खापरातल्या निखाऱ्यांवर ओवा आणि लसणीची सालं टाकून त्या एका पायाला धुरी. वाड्यावरची माणसं म्हणतात, येसोच्या घोडीचं बारसं कधी आहे ते आम्हाला कळवा.

आणि हाच माणूस स्वतः पहाटे विहिरीचं गार पाणी अंगावर ओततो. दात कडकड वाजत असतात. विचारलं तर म्हणतो, "मी माणूस. माका काय जातला?"

शुक्रवारची गोष्ट तर आणखी वेगळी. शुक्रवारी पोट, म्हणून गोठ्याच्या दाराला आडवं जुनं लुगडं लागतं. घोडीच्या पोटाला लाज! पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने एकदा सायकलवरून उतरून लुगड्याच्या कडेने आत डोकावलं, तर येसोने पंधरा दिवस त्याचा पाव घेतला नाही. तेव्हापासून पोदेर शुक्रवारी पावाचे उंडे कुंपणाला अडकवतो, भोंपू वाजवतो आणि उलट्या बाजूला बघत निघून जातो.

आता माझं सांगतो. मी गोव्यातल्याच पार्से गावचा. मांडव, खुर्च्या, लाइट, माइक असा माझा धंदा. आज माझे दोन टेम्पो आहेत, पण सुरुवात डोक्यावरून कदेली, म्हणजे खुर्च्या, वाहण्याने झाली. लोखंडी, घडीच्या. त्या काळात कारापूरच्या एका भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरी लग्न होतं. मी दोनशे कदेली पोचवल्या, मांडल्या, पुसल्या. जेवणाच्या वेळी मला मागच्या दारी गोठ्याच्या पायरीवर बसवलं. पानात भात आला, सोलकढी विसरली. मागितली, तर भाटकार आतून म्हणाले, "कदेलवाल्याक सांगा, संपली." आत पंगत चालू होती आणि सोलकढी वाढत होते. मी ते बघत होतो.

माणसं असं विसरतात म्हणे. मी विसरत नाही. माझ्या धंद्यात विसरणारा बुडतो.

तर त्याच घरातली नात माझ्या मुलाला आवडली. दोघंही एकाच कॉलेजात होती. भाटकार आता म्हातारे, भाटाची जमीन बरीचशी विकलेली, म्हणून 'हो' म्हणाले. मी मनात एकच ठरवलं: माझा मुलगा त्या घराच्या पुढच्या दारातून आत जाईल आणि पांढऱ्याशुभ्र घोड्यावरून जाईल. आमच्याकडे शिमग्यात लाकडी घोडे कमरेला बांधून नाचतात. वरातीचा खरा घोडा ही अलीकडची हौस. पण मला हौस नव्हती. मला त्या म्हाताऱ्याला मान वर करून बघायला लावायचं होतं.

त्या मुहूर्ताला आमच्या भागातले बाकीचे पांढरे घोडे आधीच ठरून गेलेले. राहिला येसो.

मी सौद्याला गेलो. सिमेंटवाल्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांना मी घाम फोडला आहे. माझी रीत ठरलेली. आधी मालात खोट काढायची, मग निघून जायचं. दारापर्यंत समोरचा हाक मारतो. येसोला म्हटलं, "घोडी वयस्क दिसते." तो म्हणाला, "आसा." म्हटलं, "चालताना जरा मान हलवते." म्हणाला, "हलयता." म्हटलं, "मग भाव जरा उतरव, येसूभाऊ." तो तुवालो पिळत म्हणाला, "घाई कोणाक आसा?"

हे त्याचं पेटंट वाक्य. मी उठलो, स्कूटरपर्यंत गेलो. हाक नाही. परत आलो, पुन्हा बोललो, पुन्हा उठलो. या वेळी त्याने हाक मारली. मी विजयी होऊन वळलो, तर तो माझं विसरलेलं हेल्मेट घेऊन उभा. शेवटी त्याने सांगितलेल्या दराला मी कबूल झालो. आयुष्यात पहिल्यांदा.

जाताना त्याने विचारलं, "वार कसलो?"

"गुरुवार."

"गुरुवारी डावो पाय," तो म्हणाला.

मी मान हलवली. वेड्याशी कोण वाद घालतो? मला वाटलं, लग्न म्हटल्यावर हा घोडी धुवून आणेलच. इतका हुशार मी, आणि एवढी साधी अट ऐकून न ऐकल्यासारखी केली. सौद्यातली चूक ती माझी. पण तेव्हा मी ती मानणार नव्हतो, आणि आजही फार खुशीने मानत नाही.

लग्नाच्या दिवशी उजाडताना मी जीप घेऊन इब्रामपूरला गेलो. बरोबर शॅम्पूच्या बाटल्या आणि लांब पाइप. खात्री करून घ्यावी म्हटलं. धुक्यात घोडी उभी होती. येसो खाली बसून मागचा डावा पाय पुसत होता. मी कांबळं वर केलं. पाठीला आणि कुशीला लिदीचे पिवळे डाग, मध्ये मध्ये तपकिरी. पिकलेल्या काजूसारखा रंग.

"हे काय?" मी ओरडलो.

"पाठीची पाळी शनिवारी."

"शनिवारी माझ्या मुलाचं लग्न नाही! आज सगळी धू."

"थंडी आत शिरता, शेट. मी तुमका वार विचारलेलो."

"मी धुतो. बाजूला हो."

"नको."

मी विहिरीजवळची भरलेली बाल्दी उचलली. घोडीवर ओतणार, तेवढ्यात येसो मध्ये आला. हात न उगारता, आवाज न चढवता, नुसता मध्ये उभा राहिला. सगळं गार पाणी त्याच्या डोक्यावरून खाली गेलं. शर्ट अंगाला चिकटला. घोडीवर एक थेंब नाही. तो डोळे पुसत म्हणाला, "बरी झाली. आज दुसरी आंघोळ." आणि पुन्हा खाली बसून पाय पुसू लागला.

माझं डोकं फिरलं. रागात माझ्या तोंडून काय निघेल, हे माझ्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. मी म्हटलं, "मुक्या जनावराला आठवडाभर घाणीत ठेवतोस! तुझ्या बायकोनं तुझ्या हाताखाली काय भोगलं असेल, देव जाणे!"

त्याची बायको दोनेक वर्षांपूर्वी गेली, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे काही नाही. धंद्यात त्यापलीकडचं विचारत नाहीत.

येसोचा हात थांबला. 'घाई कोणाक आसा' हे त्याने त्या वेळी म्हटलं नाही. तुवालो पिळला, झटकला आणि घोडीचा पाय धुरीवर धरला.

दुसरा घोडा मिळायला वेळ नव्हता. माझ्याजवळची जरीची मोठी झूल मी घोडीवर टाकली, डाग झाकले आणि पिकअपमध्ये चढवली. कारापूरला वरात निघाली. बँड, फटाके. घोडी मात्र शहाणी. कानसुद्धा हलवला नाही. मुलगा वर रुबाबात. भाटकारांच्या पुढच्या दाराशी आलो. म्हातारे काठी टेकत पायरीवर उभे होते. मान वर करून त्यांनी बघितलं. मी या क्षणासाठी किती वर्षं थांबलो होतो ते माझं मला माहीत.

मग त्यांनी काठीचं टोक पुढे केलं आणि झुलीची कड उचलली.

"काय रे कदेलवाल्या," म्हातारे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घोडो अर्दोच न्हाणयलो? साबण संपलो काय?"

हसले सगळे. त्यांच्याकडचे हसले, आमच्याकडचे हसले, बँडवाला तुतारी खाली ठेवून हसला. माझा मुलगाही हसला, कारण त्याला गोठ्याच्या त्या पायरीबद्दल काही ठाऊक नव्हतं. मीही दात दाखवले. मुलाच्या लग्नात बाप दुसरं काय करणार? सोलकढी त्या दिवशी भरपूर होती. मी घेतली नाही.

म्हाताऱ्याला मी काही सुनावू शकत नव्हतो, म्हणून सगळं साठवून ठेवलं येसोसाठी. झूलही त्याच्याकडे राहिली होती. परत आणायच्या निमित्ताने आठ दिवसांनी गेलो. जाताना जीपमध्ये वाक्यं जुळवत होतो. चांगली झणझणीत वाक्यं होती.

शुक्रवार होता. गोठ्याच्या दाराला लुगडं. आतून पाण्याचा आवाज.

"येसो!" मी हाक मारली.

"कोण? शेट? आज शुक्रवार," आतून आवाज आला. "झूल घरात खाटीर आसा. धुवन ठेवलंय. घ्या."

मी घरात शिरलो. एकच खोली, सारवलेली. खाटेवर माझी झूल नीट घडी करून ठेवलेली, एक डाग नाही. झुलीखाली रबराची चादर, दवाखान्यात असते तशी, तीही घडी केलेली. उशाशी तुवाल्यांचा ढीग, विटलेले, पण एकाच मापाचे. आणि खाटेवरच्या भिंतीला, झोपलेल्या माणसाला दिसेल अशा उंचीवर, कॅलेंडरचा पुठ्ठा टांगलेला. उलट्या बाजूने मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलेलं. उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाचं अक्षर.

सोमवार – उजवा हात
मंगळवार – डावा हात
बुधवार – उजवा पाय
गुरुवार – डावा पाय
शुक्रवार – पोट (दार लावणे)
शनिवार – पाठ. जखमेला पावडर
रविवार – केस. तेल गरम करून
थंडीत सगळं अंग एकदम ओलं करू नये. बाकी अंग झाकणे. घाई करू नये, असं नर्सबाय म्हणाली.

पुठ्ठ्याच्या कडा तेलाने काळ्या झाल्या होत्या. शेजारी खिळ्याला एक फणी. तिच्या दातांत लांब पांढरे केस अडकलेले. घोडीचे असतील. मी जवळ जाऊन बघितलं नाही.

झूल काखेत मारून बाहेर आलो. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर नव्हतं. माफी मागायला हवी होती, हे मला कळत होतं. पण ती मला येत नाही. माझ्या धंद्यात ज्याने आधी मान खाली घातली त्याचा भाव पडतो. आणि त्या पुठ्ठ्याबद्दल बोलणार काय? कुणाची बायको किती वर्षं खाटेवर होती, हे असं अंगणात उभं राहून विचारतात का?

नदीकडून वारा सुटला होता. लुगड्याचं एक टोक खुंटीवरून निसटून फडफडू लागलं. आतून येसो पुटपुटत होता, "झाला गो. झाला. आता पुसतंय."

मी झूल कुंपणावर ठेवली आणि ते टोक पकडलं.

आतला आवाज थांबला. "शेट?"

"मी धरतो," मी म्हटलं.

मग भाणातलं पाणी तुवाल्यातून पिळल्याचा आवाज आला.

"तोंड थंय करा," येसो म्हणाला.

मी गोठ्याकडे पाठ केली. पोदेर आला, मला तसा उभा बघून त्याने भोंपूसुद्धा वाजवला नाही. उंडे कुंपणाला, माझ्या झुलीशेजारी अडकवले आणि गेला. वारा बोटांना झोंबत होता. टेम्पो कारापूरच्या दुसऱ्या एका लग्नाला जायचा होता आणि माणसं माझी वाट बघत होती.

"घाई आसा काय, शेट?" आतून त्याने विचारलं.

"नाय," मी म्हटलं, आणि लुगडं घट्ट धरून ठेवलं.