बेसिलची रेकॉर्ड

मिक्सर असो नाहीतर पाण्याचा पंप, बिघडला की आमच्या माणिकपुरात लोक माझं नाव घेतात. दुरुस्तीनंतरही घेतात, पण ते वेगळ्या सुरात! त्यामुळे वटार गावचा क्लेमेंट रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला, तेव्हा मी झाकण उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "रविवारी वाजणार!"

क्लेमेंट माझा ऑफिसातला जुना दोस्त. रविवारी त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मोठ्या भावानं, बेसिलनं, फार पूर्वी अमेरिकेहून आणलेली रेकॉर्ड त्या दिवशी लावायची होती. बेसिल गेल्या वर्षी वारला.

"जपून हां, जयवंत. ही एकच निशाणी आहे त्याची," रेकॉर्ड माझ्या हातात देत तो म्हणाला.

"अरे, निर्धास्त राहा!"

घरी मोटरचा पट्टा बदलला, रेकॉर्डवर सुई टेकवली आणि हबकलोच! एकीकडे गिटार शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळतेय. दुसरीकडे दोन माणसं न गाता नुसती एकमेकांवर खेकसतायत. आणि मधूनच, 'खर्र! खिक्! खर्र!'

"दोन स्टेशनं एकदम लागलीत," बायको, यमुना, म्हणाली.

"रेकॉर्डला स्टेशन नसतं!" मी ओरडलो. पण मलाही तसंच वाटत होतं.

वेग कमी केला, तर माणसं भूल दिल्यासारखी बरळू लागली. वाढवला, तर चिमण्या! सुई बदलली, वायरी बदलल्या. खर्रखर्र तिथंच!

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका गंभीर चेहऱ्यानं वर आले. मला टाळून यमुनेला म्हणाले, "वहिनी, तीन दिवस ऐकतोय. मारहाण वगैरे नाही ना?"

रविवारी वटारला मांडवात दीडशे माणसं. क्लेमेंट आणि फेलिशिया नाचायला उभे राहिले. गाणं सुरू झालं. पहिली खर्र आली आणि माझा धीर सुटला! झेप घेऊन मी सुई उचलली.

"क्लेमेंट, माफ कर! बेसिलची रेकॉर्ड मी बिघडवली! गाणं एकीकडे, भांडण एकीकडे..."

नाच थांबला. क्लेमेंटचा चेहरा पाहून मी चपला शोधू लागलो.

तेवढ्यात बेसिलचा मुलगा स्टॅनी पुढे आला. "अंकल, ते असंच आहे. रॉकची गिटार आणि त्यावर रॅप. तेव्हा हे एकदम नवीन होतं. खर्रखर्र पण मुद्दाम करतात, रेकॉर्ड हातानं पुढे-मागे फिरवून."

"मुद्दाम?"

"मुद्दाम!"

क्लेमेंट हसता हसता डोळे पुसू लागला. "आमचे पप्पापण बेसिलला हेच बोलायचे. मशीन मोडलीस म्हणून! लाव रे परत."

परत लावली. आता प्रत्येक खर्रला मांडव ओरडत होता. फेलिशियानं मलाही ओढलं. मीही नाचलो!

मग एक फारच लांबलचक खर्रर्रर्र आली. मी जाणकारासारख्या टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ प्लेअरमधून धूर निघाला.

"बघ," मी यमुनेला म्हणालो, "हेही मुद्दाम असतं!"

"नाही अंकल," बटणाकडे धावत स्टॅनी ओरडला, "हे तुमचं आहे!"