डाव्या हाताचा अर्ज

वाचनालयाच्या पायऱ्यांवरून घसरून उजव्या मनगटाला प्लॅस्टर बसलं, तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला चारच दिवस उरले होते. भिंगरी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. वडील कुलपं दुरुस्त करत, आई एका दवाखान्यात पेशंटची नावं पुकारी, आणि दोघांच्या कमाईत पुढच्या दोन वर्षांची फी काही बसत नव्हती. पोरीला केस पेपरच्या टेबलावर बसवता येईल का, असं आईने डॉक्टरांच्या कानावर घालूनही ठेवलं होतं.

म्हणून भिंगरीने जीभ बाहेर काढून, डाव्या हाताने आठ पानी अर्ज भरला. प्रत्येक अक्षर शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून झोकांड्या खात होतं. तसाच तो घेऊन ती कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर गेली. प्लॅस्टरचा हात खिडकीच्या खाली राहिला. वर दिसत होता तो फक्त सही करणारा डावा हात.

"अगं, डावखुरी आहेस तू?" खिडकीतल्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"म्हणजे... सध्या डाव्यानंच लिहिते मी."

बाईंना 'सध्या' ऐकूच आलं नाही. "अकरा वर्षं झाली गं! डाव्या हातानं लिहिणाऱ्यांसाठी एक शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी तशीच पडून राहते. कोणी फिरकतच नाही. थांब, तुझा अर्ज तिथंच लावते. पदवीपर्यंतची पूर्ण फी!"

'पूर्ण फी' म्हटल्यावर भिंगरीच्या तोंडाला कुलूप बसलं. नुसतं "नाही" म्हणायला किती वेळ लागतो? तिने मान मात्र हलवली ती उभी.

महिन्याभराने एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. प्लॅस्टर निघालं, आणि निवड झाल्याचं पत्र आलं. ज्या आजींनी ही शिष्यवृत्ती ठेवली होती, त्या रविवारी स्वतः मुलीला भेटायला घरी येणार होत्या.

भिंगरीने तेव्हा कुठे सगळं घरात सांगितलं.

"उद्याच्या उद्या जाऊन सांगून ये," वडील म्हणाले.

"सांगून ये काय? मग फी तुमच्या किल्ल्या भरणार आहेत का?" आई म्हणाली. "तासाभराचा तर प्रश्न आहे. तेवढा वेळ डाव्या हातानं वाग. मरत नाहीस."

वडिलांना खोटं बोलता येत नसे. जन्मात कधी सराव नसल्यामुळे, वेळ आली की ते गरजेपेक्षा चौपट बोलत.

रविवारी आजी आल्या. बारीक अंगाच्या, ताठ बसणाऱ्या, हातात कापडी पिशवी. त्या खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच वडील म्हणाले, "आमच्याकडे काकू, सगळेच डावखुरे!"

आईने डोळे मोठे केले, पण तीर सुटला होता.

"सगळेच?" आजींनी विचारलं.

"सगळेच. माझे वडील. ही पण. लग्न ठरवताना तेच तर बघितलं होतं आम्ही."

आता इलाज नव्हता. आईने डाव्या हाताने चहा ओतला, निम्मा बशीत. वडिलांनी डाव्या हाताने कप पुढे केला आणि उरलेल्यातला निम्मा आजींच्या मांडीवर सांडला. भिंगरीने डाव्या हाताने फडकं दिलं. तिघांनी मिळून एक कप चहा पाजायचा म्हणजे घराला आग लागल्यासारखी धावपळ चालली होती. त्यात पुसता पुसता आजींचा चष्मा घसरून खाली पडला. "अरे अरे!" करत तिघेही एकदम झेपावले आणि चष्म्याच्या भोवती तीन हात येऊन थांबले.

तिन्ही उजवे.

वडिलांनी आपला हात हळूच मागे घेऊन पाठीशी लपवला, जणू तो शेजाऱ्याचा होता. आजींनी चष्मा स्वतः उचलला, पुसला, डोळ्यांवर लावला. मग पिशवीतून एक जड, काळपट कात्री काढून टेबलावर ठेवली.

"ही आमच्या ह्यांची. टेलर होते. डाव्या हाताची कात्री आहे, उजव्यात धरली तर कापतच नाही." आजी कात्रीकडे बघत बोलू लागल्या. "शाळेत त्यांचा डावा हात मास्तर बाकाला बांधून ठेवायचे. उजव्यानं लिही म्हणायचे. लिहिता येईना, रोज मार. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं पत्र आलं की मला म्हणायचे, तूच वाच. शेवटपर्यंत. म्हणून ही शिष्यवृत्ती. अकरा वर्षं वाट बघितली हो मी. तुझं नाव आलं त्या दिवशी त्यांच्या फोटोला सांगितलं, आली एक."

भिंगरीचे कान तापले. मघाशी चष्म्यावर निभावलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं होतं, त्याचीच आता तिला किळस आली. आई पायाच्या अंगठ्याने तिला खुणावत होती, गप्प बस.

"आजी, मी डावखुरी नाही," ती म्हणाली. "हात मोडला होता. बाईंचा गैरसमज झाला आणि मी तो होऊ दिला."

वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आई फडकं पिळत बसली, ते कोरडं झालं तरी.

आजींनी पिशवीतून तिचा अर्ज काढला.

"हा कुठल्या हातानं लिहिलास?"

"डाव्या."

"आठही पानं?"

"आठही. तीन दिवस लागले."

"ते तरी खरं ना?"

"ते खरंय, आजी."

"मला चष्मा नसला तरी हात दिसतात," आजी म्हणाल्या. "उठून जाणारच होते मी, तू बोललीस म्हणून बसले. नियमात 'जन्मानं डावखुरा' असं कुठं नाही. 'डाव्या हातानं लिहिणारा' असं आहे. तर लिही. पदवी मिळेपर्यंत."

"परीक्षासुद्धा?"

"परीक्षाच. माझ्या माणसाला नको तो हात धरायला लावला, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. तुला मी विचारतेय. नको असेल तर आत्ताच सांग."

भिंगरीने वर न बघताच मान हलवली, याही वेळी उभीच.

"आणि... आम्ही?" वडिलांनी भिंतीलाच विचारलं.

"तुम्ही कृपा करून उजव्या हातानं चहा द्या," आजी म्हणाल्या. "मी अजून घोटभरसुद्धा प्यायले नाही."

वर्षभराने परीक्षेच्या हॉलमध्ये सगळे पुरवण्या मागत होते, तेव्हा भिंगरी पहिल्याच वहीच्या सहाव्या पानावर होती. करंगळीपासून मनगटापर्यंत शाई फासली गेली होती. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. पर्यवेक्षक सर दोनदा जवळून गेले, तिसऱ्यांदा थांबले आणि वाकून हळूच म्हणाले, "हात दुखतोय का?"

"नाही सर," भिंगरी म्हणाली. "शिकतोय."