बिहीच्या अंगावरचा कोट

वेल्टा रिकाम्या खुंटीकडे पाहत होती आणि तिचा नवरा एर्विन्स बशीतल्या काळ्या पावाकडे. अकरा वाजता शेजारच्या मिल्डाला पुरायचं होतं, बाहेर उणे एकवीस होतं, महिनाभराच्या तापातून उठून वेल्टा आज प्रथमच उंबरा ओलांडणार होती आणि तिचा एकुलता एक लोकरी कोट घरात नव्हता.

"कुठंय?"

"झाडाला घातलाय," एर्विन्स पुटपुटला. "तू तापात पडलेली. विचारणार कुणाला?"

झाड बिहीचं, नासपतीसारख्या आंबट पिवळ्या फळाचं, गोठ्यामागे लावलेलं. लात्वियातल्या आलूक्स्नेच्या थंडीत बिही जगत नाही, हे गावातली कुत्रीसुद्धा जाणत होती. पण लेक आयर्लंडला गेल्यापासून वेल्टाचं चित्त इथे थाऱ्यावर नव्हतं. "एकदा बिही फळू दे, मग दोघं तिकडे जाऊ," एवढी एकच विनवणी त्याने तिच्या वाटेत आडवी घातली होती, आणि येत्या शरदापर्यंत थांबायला ती कबूल झाली होती. तेव्हापासून तो त्या झाडासाठी हिवाळ्याकडे एकेक दिवस मागत होता. आधी गोणपाट गेलं, मग रजई, मग त्याची स्वतःची विजार.

"मिल्डाला निरोप द्यायला मी कुडकुडत जायचं, आणि तुझं लाकूड माझ्या कोटात ऊब खाणार! चल, सोड तो."

दोरीच्या गाठी गोठून दगड झाल्या होत्या. एर्विन्सने किटलीभर कढत पाणी ओतलं. गाठी सुटल्या, पण पाणी बाहीत उतरलं आणि तिथेच थिजलं. झाडावरून काढलेला कोट एक हात पसरून बर्फात स्वतःच्या बळावर उभा राहिला.

"घे, मिल्डाच आली बघ न्यायला," वेल्टा म्हणाली.

तो हसणार, तोच कोटातून दोन उंदीर पळाले. त्याने खालचं गोणपाट बाजूला सारून झाडाकडे पाहिलं. गुडघाभर उंचीपर्यंत साल चहूबाजूंनी कुरतडलेली होती. आतलं लाकूड उघड्या हाडासारखं पांढरं. त्याने घातलेल्या उबेत उंदीर राहिले होते आणि हिवाळाभर जेवले होते.

"जिवंत आहे अजून," तो घाईने म्हणाला. "वरून तरी."

"वरून माणसंही जिवंत असतात, एर्विन्स."

तिने कोट झटकला. आतल्या खिशातून उंदरांचं घरटं पडलं: लोकर, पासपोर्टच्या लाल पुठ्ठ्याच्या चिंध्या, फोटोतला वेल्टाचा अर्धा चेहरा. त्यावरचे कुरळे केस त्याने ओळखले. ऑक्टोबरात दात दाखवायला म्हणून ती शहरात गेली होती, त्या दिवशी करून घेतलेले. शिवाय विमानाच्या तिकिटाचा एक तुकडा. त्यावर एप्रिल होता, आणि प्रवासी एक.

एर्विन्सने तो तुकडा बराच वेळ उजेडात धरला.

"शरदापर्यंत थांबणार होतीस ना गं?"

वेल्टाने कोट अंगावर चढवला. थिजलेली बाही काही केल्या खाली येईना. ती तशीच, फाटक उघडं टाकून, मिल्डाच्या घराकडे निघून गेली.